पोपटांनी वाट लावली त्याची गोष्ट

एका जंगलात वाटाच वाटा होत्या. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. विचारायचंच असेल तर हातातला मोबाईल आधी खाली ठेवा. ठेवलात? शाब्बास. खोटं बोलताय, पण शाब्बास.

तर बाळांनो, या जंगलात वाट माहीत नसली की विचारायची पद्धत होती. "साळिंदर वैद्य कुठे राहतात हो?" असं विचारलं की उत्तर यायचं, "सरळ जा आणि पुढे कुणालाही विचारा." पुढचा म्हणायचा, "आलाच आहात तर पाणी पिऊन जा." वेळ जायचा खरा, पण माणूस पोचायचा. माणूस म्हणजे प्राणी. घ्या की समजून.

मग जंगलात पोपट आले. हिरवेगार, गोड बोलणारे आणि चक्क फुकट. पाठीवर बसायचे आणि कानात सांगायचे, "पन्नास ढांगांवर डावीकडे वळा." सागाच्या खोडाला त्यांनी पाटी ठोकली होती, 'एकदा संधी द्या, आम्ही तुमची वाट लावू.' लेखी दिलं होतं हो बिचाऱ्यांनी! नंतर तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

प्राणी हरखले. महिन्याभरात जंगलात प्रत्येकाचा पोपट झाला.

हा फुकटचा पोपट खातो काय, हे कुणी विचारलं नाही. तो पेरू खायचा. पेरू दुकानदार द्यायचे. ज्याचा पेरू गोड, त्याच्या दारावरून वाट. ओढ्यावर पाणी प्यायला निघालेला गवा संध्याकाळी अस्वलाच्या दुकानातून मधाची बरणी घेऊन घरी यायचा. तहानलेलाच. वर बायकोला सांगायचा, "अगं, पण सवलतीत मिळाली!"

याच जंगलात गुणाबाई नावाची एक भेकरीण राहायची. एका दुपारी तिच्या पाडसानं, पिटकूनं, बोरं खाता खाता बोरीचा काटा गिळला. काटा घशात अडकला. पोराला धड श्वास घेता येईना. काटे काढावेत तर साळिंदर वैद्यांनीच. पण वैद्यबुवा तिन्हीसांजेला कंदमुळं शोधायला बाहेर पडत आणि मग सकाळपर्यंत हाती लागत नसत. सकाळपर्यंत पिटकू टिकला नसता.

वैद्यांचं बीळ ओढ्यापलीकडे होतं. लहानपणी गुणाबाई आईबरोबर तिथे दहादा गेली होती. पण आता तिच्याकडे पोपट होता ना! वाट लक्षात ठेवायला ती काय अडाणी होती?

"साळिंदर वैद्य. लवकर!" ती म्हणाली.

"निघूया ताई. उजवीकडे वळा."

"अरे, ओढा डावीकडे दिसतोय मला!"

"उजवीकडून वाट मोकळी आहे."

मोकळी कसली! समोर कोल्ह्याचं दुकान. पोपट लगेच सुरू झाला, "धावून धावून खूर दुखतात? कोल्हे बंधूंचे मऊ मऊ बूट! चार घ्या, पाचवा फुकट!"

"पाचवा घालू कुठे, मेल्या? माझं लेकरू घुसमटतंय!"

"पुढचं वळण जाहिरातीनंतर, ताई."

काय करणार? उभी राहिली. जाहिरात ऐकली. नंतर अस्वलाचा मध झाला, वानरांचा झोपाळा-महोत्सव झाला. पिटकूचे डोळे पांढरे व्हायला लागले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

"आपण पोचलात," पोपट एकदाचा म्हणाला.

समोर पाटी होती, 'डॉ. तरस. लहान मुलांचा खास दवाखाना.' दारात डॉक्टर स्वतः हसत उभे. "या, या! बाळाला आत द्या. तुम्ही बाहेर बसा. फार वेळ लागणार नाही."

"अरे, मी साळिंदर वैद्य म्हटलं होतं!" गुणाबाई ओरडली.

"त्यांच्यासारखेच आणखी वैद्य," पोपट म्हणाला. "हे सगळ्यात वरचे."

तशी गुणाबाईनं अंगाला असा काही हिसडा दिला की पोपट तरसाच्या पायाशी जाऊन पडला. पिटकूला ढुशी देत, पुढे रेटत ती पळत सुटली. मागून आवाज येतच होता, "नवीन वाट शोधत आहे... नवीन वाट शोधत आहे..."

तापलेल्या दगडावर घोरपड आजी ऊब घेत बसली होती. तिच्याकडे पोपट नव्हता. तिच्या पाठीवर तो टिकतच नसे, घसरायचा.

"आजी, साळिंदर वैद्य कुठे हो?"

"तो वाळका पळस दिसतोय? तो नाही. त्याच्या पलीकडचा. तिथून ओढ्यात उतर, समोर उंबर, उंबराखाली बीळ. आणि काय गं, तू चिंगूची लेक ना? पाणी पिऊन..."

"येताना पिते, आजी!"

वैद्यबुवा बिळाबाहेर पडतच होते. गुणाबाईनं नुसतं पोर पुढे केलं. वैद्यांनी काटा उपसला. पिटकू खोकला, रडला आणि म्हणाला, "आई, भूक." गुणाबाई तिथेच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं सभा बोलावली. विषय, 'पोपटाला पर्याय'. जागा टेंभुर्णीखालची, जिथे पिढ्यान्पिढ्या सभा भरते. निरोप आला तेव्हा सगळ्यांनी मुठी आवळल्या. खूरवाल्यांनी खूर आपटले. जंगल नुसतं पेटून उठलं!

सभेच्या दिवशी सकाळी घोरपड आजी आली. दुपारीही घोरपड आजीच होती. गुणाबाई वाट बघून थकली.

संध्याकाळी प्राणी आले. झुंडीनं आले. सगळ्यांच्या पायांत कोरे करकरीत बूट होते आणि प्रत्येकाच्या हातात पाचवा.

"सभा कुठाय?" गव्यानं विचारलं.

"झाली," गुणाबाई म्हणाली.

"काय ठरलं?"

"पोपट सोडायचे. वाट एकमेकांना विचारायची."

"वा! एकमतानं मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग गव्यानं मान वळवली आणि पाठीवरच्या पोपटाला हळूच विचारलं, "आता घरी कसं जायचं रे, राजा?"

तात्पर्य : बाळांनो, वाट कधीही शेजाऱ्याला विचारू नये. तो थेट मुक्कामी पोचवतो, आणि मग पाचवा बूट मिळत नाही.