साडेचार आण्यांचं पॅरिस

मोतीलालशेठचा माधव पॅरिसला इंजिनिअरिंग शिकत होता. तीन वर्षांनी त्याचं पत्र आलं, 'आठ दिवस सुट्टी आहे, तुम्ही आणि आई या.' संध्याकाळी खर्चाचा अंदाज काढायला नालवाडीचे श्रीनिवास मास्तर शेठजींच्या वर्ध्याच्या घरी हजर झाले. मास्तर भूगोल शिकवायचे, पण स्वतः नागपूरपलीकडे गेले नव्हते. त्यामुळे त्यांचा उत्साह शेठजींहून दांडगा होता.

पॅरिसच्या प्रवासाचं एक पुस्तक त्यांनी शाळेच्या कपाटातून आणलं होतं. फ्रँकचा भाव आजच्या वर्तमानपत्रातून घेतला. रुपयाला त्र्याहत्तर फ्रँक.

"खोली वीस फ्रँक," मास्तर म्हणाले आणि थबकले. "म्हणजे साडेचार आणे."

"घंट्याचे?" शेठजींनी विचारलं.

"दिवसाचे. जेवण सव्वा आणा. त्यात सूप आलं."

शेठजींच्या पत्नी सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मंग आपण वर्ध्यात काऊन राहून राह्यलो?"

बोटीचं भाडं जबर होतं, पण या स्वस्ताईपुढे शेठजींना ते दिसेना. मेहुणे बंडूजी यायला तयार झाले. "मास्तर, तुमीबी चाला," शेठजी म्हणाले. "इंग्रजी बोलाले कोणी पाह्यजे." मास्तरांनी त्याच आठवड्यात कोट शिवायला टाकला.

चौघांना आठ दिवस मिळून वीस रुपये पुरत होते. परदेशी चलन तेव्हा सरकारी परवानगीनंच मिळायचं. मौजेसाठी पाचपट धरून शेठजींनी बँकेत शंभर रुपयांच्या फ्रँकचा अर्ज केला. "शंभरच?" बँकेतल्या कारकुनानं दोनदा विचारलं. "उरले तं परत करू," शेठजी म्हणाले. परवानगी आली, तिकिटं आली. मग शेठजींनी कळवलेल्या हिशेबाला माधवचं उत्तर आलं.

'मास्तरांचं पुस्तक फार जुनं दिसतं. त्यानंतर एक महायुद्ध झालं. आता साधी खोली दिवसाला हजार फ्रँक आहे.'

मास्तरांनी पुस्तक उघडलं. सालाचं पान बाइंडिंगच्या वेळीच गळालं होतं. त्यांचे कान तापले. शेठजींकडे पैसा होता, पण परवानगी शंभराचीच होती, आणि नवी येईपर्यंत बोट निघून गेली असती.

"शंभरात एक माणूस चार दिवस राहील," मास्तर हळूच म्हणाले.

"मी जातो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"एकटी? तुले फ्रेंच येते काय?"

"मास्तरले येत होती काय? अन मले हाटेल कायले पाह्यजे? पोराच्या खोलीत राहीन."

तीन तिकिटं परत गेली. मेथीचे लाडू आणि चण्याचं पीठ घेऊन सुलोचनाबाई निघाल्या. स्टेशनवर त्यांना सोडायला मास्तर नवा कोट घालून आले होते.

महिन्याभरानं सुलोचनाबाईंचं पत्र आलं, आणि ते वाचायला शेठजींनी मास्तरांना बोलावलं. माधवसोबतची बारा पोरं रोज त्यांच्या हातचं पिठलं खात होती आणि वर्गणी आणून देत होती. पत्रात हिशेबही होता: शंभर रुपयांतला एक फ्रँकही मोडला नव्हता. बाई आणखी दोन महिने राहणार होत्या.

"पाहा बरं मास्तर, हिशेबात कुठं चूक हाये काय," शेठजी आशेनं म्हणाले.

मास्तरांनी दोनदा तपासलं. "नाही शेठजी. या वेळी बरोबर आहे."

शेठजींनी टोपी घातली आणि ते खानावळीकडे निघाले.