सशुल्क दाद

कान ही निसर्गाने माणसाला फुकट दिलेली वस्तू असल्यामुळे तिची किंमत आजवर कोणाला कळली नव्हती. ही त्रुटी आता दूर झाली आहे. हल्ली इंटरनेटवर असे कार्यक्रम भरतात, की आपण पैसे भरायचे, आपले गाणे पाठवायचे आणि एका तज्ज्ञाने ते सर्वांसमक्ष ऐकून मत द्यायचे. याचा हौशी कलावंतांना काही उपयोग होतो का, असे काही नतद्रष्ट लोक विचारतात. त्यांच्यासाठी माझ्या मेहुण्याचे उदाहरण पुराव्यादाखल जोडत आहे.

मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेल्या फ्रिजांच्या गराड्यात बसून, तीन वर्षे खपून त्याने एक गाणे केले. लांबी चार मिनिटे दहा सेकंद. शेवटचे कडवे त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी गायले आहे. वहिनी भांडी घासतानासुद्धा दार लोटून गुणगुणतात. लग्नाच्या बावीस वर्षांत त्यांचा सूर उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. त्यांची अट एकच होती.

"बाहेरच्या एका तरी माणसाने माझं कडवं ऐकावं आणि खरं काय ते सांगावं. घरचे काय, भाजीत मीठ नसलं तरी छान म्हणतात."

म्हणून मेहुण्याने 'कानसेन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या परीक्षकांचा रविवार सकाळचा कार्यक्रम निवडला. (तानसेन होता आले नाही तर निदान कानसेन व्हावे, हा उपदेश या गृहस्थांनी व्यवसाय म्हणून मनावर घेतला आहे.) त्यांची नियमावली आदर्श आहे:

१. साधी रांग: गाणे ऐकले जाईल, बहुधा याच जन्मी.

२. जलद रांग: दुप्पट शुल्क.

३. अतिजलद रांग: चौपट शुल्क. या रांगेत इतकी झुंबड उडते की हल्ली साध्या रांगेचा नंबर आधी लागतो. (फरक परत मिळत नाही.)

४. शुल्क ऐकायला सुरुवात करण्याचे आहे, संपवण्याचे नाही.

मेहुण्याच्या पहिल्या रविवारी ३१२ प्रेक्षक हजर होते. पैकी ३११ जण स्वतःचा नंबर लागायची वाट पाहणारे कलावंत होते. दुसऱ्याचे गाणे चालू असताना ते "आग लावलीस भावा!" असे लिहीत, म्हणजे आपल्या वेळी आपल्यालाही कोणीतरी लिहील. उरलेल्या एक म्हणजे परीक्षकांच्या मातोश्री. त्या शेजारच्या खोलीतून "नाश्ता गार होतोय" असे लिहीत होत्या. कार्यक्रमात मनापासून व्यक्त झालेले मत एवढेच.

गाणे लागले. सुरुवातीला मागे एका फ्रिजची घरघर येते. दुरुस्ती जमली की नाही हे पाहायला तो चालू ठेवलेला होता, त्यामुळे बंद करता आला नाही. एक्केचाळिसाव्या सेकंदाला कानसेनांनी गाणे थांबवले.

"खालचा तो बेस एक नंबर आहे भाऊ! बाकीचं जरा छाट. दहापैकी सहा. चला, पुढचा!"

मेहुण्याने छाटले आणि पुन्हा शुल्क भरले. दुसऱ्या रविवारी निदान झाले, की शब्दांमुळे बेसकडे लक्षच जात नाही. पहिले कडवे गेले, सात गुण आले. तिसऱ्या रविवारी दुसरे कडवे आणि ध्रुपद गेले, आठ आले. चौथ्या रविवारी कानसेन म्हणाले, "शेवट लांबतोय." (शेवट त्यांनी ऐकला नव्हता. अनुभवी माणसाला तो बाहेरूनच कळतो.) वहिनींचे कडवे गेले.

पाचव्या रविवारी मी मेहुण्याकडेच होतो. मेहुण्याने एक्केचाळीस सेकंदांची निव्वळ घरघर सादर केली. ती पूर्ण वाजली. ३११ जणांनी आग लागल्याचे कळवले. कानसेनांनी दहापैकी साडेनऊ देऊन डोळे पुसले आणि म्हणाले, "आज तुला तुझा स्वतःचा आवाज सापडला!"

"दाजी, साडेनऊ!" मेहुण्याने मला मिठीच मारली.

"आणि माझं कडवं?" दारातून वहिनींनी विचारले.

"पुढच्या गाण्यात घेऊ की."

वहिनी आत जाऊन भांडी घासू लागल्या. दार सताड उघडे होते आणि गुणगुणणे नव्हते. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू.

थोड्या वेळाने त्या हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दाजी, यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला अख्खं गाणं पाठवलं होतं. तुमचं लगेच उत्तर आलं, 'अप्रतिम! वहिनींचं कडवं तर काळजाला भिडलं!' खरं सांगा, कुठली ओळ भिडली?"

ते उत्तर गाणे आल्यापासून नवव्या सेकंदाला गेले होते.

तेव्हा मूळ प्रश्नाचा निकाल असा: सशुल्क कार्यक्रम उपयोगाचेच आहेत. परक्या माणसाने पैसे घेऊन का होईना, एक्केचाळीस सेकंद कान दिला. आम्ही आप्तांनी फुकटात तेवढाही दिला नाही. वाचकहो, हसू नका. परवा कोणाच्या तरी गाण्याला तुम्हीही टाळ्यांची चार चित्रे पाठवलीत. अशा प्रसंगी चालून जाईल अशी एखादी ओळ तुम्ही नक्कीच तयार ठेवली असेल. असेल तर लवकर सांगा, वहिनी अजून समोर उभ्या आहेत.