शिंगाने मांडलेला ठराव

एका जंगलात, बाळांनो, निवडणूक आली होती. निवडणूक येते तेव्हा काय होतं, ठाऊक आहे? एरवी जे प्राणी आपल्याला खातात, ते आपल्या तब्येतीची चौकशी करू लागतात.

त्या जंगलात भुरी नावाची एक सशीण होती. करवंदाच्या जाळीखाली राहायची. तिची पाच बाळंतपणं झाली होती आणि पाचव्या वेळी ती मरता मरता वाचली होती. वाचवलं साळूमावशीने. साळूमावशी म्हणजे जंगलातली सुईण, म्हातारी साळिंदर. अंगभर काटे, पण हात एकदम हलका.

"भुरे, आता बास हं," मावशीने तेव्हाच बजावलं होतं. "सहाव्या वेळी मी तुला परत आणू शकणार नाही."

हे ऐकायला भुरीचा नवरा शेजारीच बसला होता. त्याचे कान तुम्ही पाहिलेच आहेत, केवढे मोठे असतात. तरी व्हायचं ते झालं. भुरीला पुन्हा दिवस गेले.

घरी चार पिल्लं होती. पाचव्या खेपेची, अजून डोळ्यांवर झोप असलेली. भुरी त्यांना गवताने झाकून तडक मावशीकडे गेली. बघते तर बिळाच्या तोंडावर ही मोठी शिळा, आणि मावशी बाहेर उन्हात बसलेली.

"हे काय गं मावशी?"

"खर्चात कपात," मावशी म्हणाली. "रानडुकरांच्या दंताजीरावांनी बंद करायला लावलं. वर आता आचारसंहिता लागली. निवडणूक होईपर्यंत शिळेला कुणी हात लावायचा नाही."

"मग माझी पोट मोकळं करायची मुळी?"

"आत आहे. पण तीन दिवसांत तुझ्या पोटात गेली पाहिजे. त्यानंतर दिली काय, न दिली काय, सारखंच."

"आणि निवडणूक कधी आहे?"

"चाळीस दिवसांनी."

भुरीचं पोट काही आचारसंहिता पाळणारं नव्हतं.

मावशीने मग एक वाट सांगितली. भर सभेत ठराव झाला तर शिळा हलवता येते. आणि सभा होती परवा, बेहड्याच्या पारावर. दोन्ही उमेदवार येणार होते. विषयही दोनच होते: जंगलाचा खर्च आणि माद्यांचं पोट.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुरी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसली. अध्यक्ष होते दौलतराव सांबर. वयाने मोठे, नजरेने अधू आणि शिंगांनी भारदस्त. भुरीने पुढचा पाय वर केला.

"महाराज, मला बोलायचंय."

"शिंग आहे?" दौलतरावांनी विचारलं.

"नाही."

"सुळा?"

"नाही."

"पिसारा?"

"नाही. कान आहेत."

"कान ऐकायला असतात. ऐका."

बाळांनो, हसू नका. त्या जंगलाचा तसा रिवाजच होता. सभेत बोलणारा मागच्या रांगेला दिसला पाहिजे, म्हणून ज्याला शिंग, सुळा किंवा पिसारा त्यानेच बोलायचं. आता यातलं काहीही माद्यांकडे सहसा नसतं, याला कोण काय करणार? रिवाज करताना कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. माद्या मनातच नव्हत्या.

पहिले उठले दंताजीराव रानडुक्कर. त्यांनी सुळे परजले आणि गर्जना केली, "उधळपट्टी! साळूच्या बिळाला महिन्याला दोन टोपल्या कंदमुळं लागतात. कुणाच्या घामाची? तुमच्या!"

हे बोलताना त्यांनी समोर ठेवलेली पाहुणचाराची टोपली संपवत आणली होती.

"आणि पोटाचं म्हणाल," दंताजीराव पुढे म्हणाले, "तर पोटातलं पिल्लू ही जंगलाची संपत्ती आहे! तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलेलं मी खपवून घेणार नाही!"

"आणि पिल्लू बाहेर आल्यावर?" भुरीच्या तोंडून निघूनच गेलं.

"बाहेर आल्यावर तो आईचा खासगी प्रश्न," दंताजीराव म्हणाले. "त्यात जंगलाने ढवळाढवळ करणं बरं नव्हे."

टाळ्या पडल्या. मग त्यांनी जाहीर केलं की निवडून आल्यावर प्रत्येक जाळीपाशी दोन कोल्हे पहाऱ्याला बसतील, पोटांवर लक्ष ठेवायला. कोल्ह्यांना महिन्याला चाळीस टोपल्या. एका म्हाताऱ्या गव्याने विचारलं, अहो, हा खर्च नाही का? दंताजीराव दुखावले. म्हणाले, "हा खर्च नव्हे, हे संस्कार आहेत."

मग आले नीळकंठपंत मोर. हे आपल्या बाजूचे बरं का, भुरीच्या बाजूचे. त्यांनी आधी पिसारा उघडला, मग तोंड.

"भगिनींनो! पोट कुणाचं? जिचं तिचं! तिथे ना दंताजीरावांचा संबंध, ना माझा!"

भुरीच्या जिवात जीव आला. मागे हरिणी रडू लागल्या. लांडोरीसुद्धा रडली, आणि ती तर त्यांच्या घरातलीच, तिने हे भाषण सकाळपासून चार वेळा ऐकलं होतं.

"मात्र," पंत म्हणाले. "मात्र विषय नाजूक आहे. डुकरांच्या वस्तीतही आपल्याला मतं मागायची आहेत. तेव्हा निवडणुकीनंतर आपण एक अभ्यासगट नेमू."

पंत पारावरून उतरले तशी भुरी त्यांच्या पिसाऱ्यामागे धावली.

"पंत, मला मुळी आज हवी. आजचा शेवटचा दिवस आहे."

"धीर धरा, ताई. आम्ही निवडून आलो की पहिलं काम तुमचंच."

"तोवर मी जिवंत नसेन हो."

पंतांचे डोळे भरून आले. "मग योजनेला तुमचंच नाव देऊ," ते म्हणाले आणि पिसारा सावरत पुढे गेले.

भुरीला रडू आलं नाही. तिला संताप आला. दंताजीरावांचा तिला राग नव्हता, डुकराकडून ती कशाची अपेक्षा धरणार? पण ज्याच्या भाषणाने आपल्या जिवात जीव आला, तोच आपल्या मरणाला नाव सुचवून गेला, हे तिला सोसवेना.

इकडे दौलतरावांना मघापासून डोक्याला खाज सुटली होती. सांबरांची शिंगं दरवर्षी गळतात. यंदाही दिवस भरले होते. त्यांनी बेहड्याच्या खोडावर डोकं घासलं आणि त्यांचं डावं शिंग पाराच्या मागे वारुळापाशी जाऊन पडलं. दौलतरावांना बरं वाटलं, म्हणून त्यांनी फारशी चौकशी केली नाही.

भुरीने मात्र पाहिलं. ती वारुळामागे गेली. शिंग तिच्यापेक्षा मोठं होतं. दातात धरून, ढकलून, खांदा लावून तिने ते कसंबसं वारुळाला टेकवून उभं केलं. पलीकडून फक्त शिंगाची टोकं दिसत होती.

"अध्यक्षमहाराज!" भुरी ओरडली.

दौलतरावांनी डोळे बारीक केले. शिंग दिसलं. "बोला, बोला शिंगराव! एवढा वेळ गप्प का बसलात?"

"एक सशीण आहे," भुरी म्हणाली. "पाच बाळंतपणं झालीत तिची. सहावं तिचा जीव घेणार. घरी चार पिल्लं आहेत. ती मेली तर पिल्लांना जंगलाच्या कोठारातून पोसावं लागेल. महिन्याला आठ टोपल्या. साळूमावशीचं बीळ चालतं दोन टोपल्यांत. आता दंताजीरावांनीच सांगावं, कुठली उधळपट्टी मोठी?"

दंताजीराव पायाने जमिनीवर रेघा ओढू लागले.

"आणि टोपल्या राहू द्या हो," भुरीचा आवाज फाटला. "तिला मरायचं नाहीये. पिल्लं लहान आहेत. तिला जगायचंय, एवढंच."

"वा!" म्हातारा गवा म्हणाला. "किती मुद्देसूद! कुठे भावनेच्या आहारी जाणं नाही."

"नराचं डोकंच वेगळं चालतं," दंताजीराव म्हणाले आणि त्यांनी नाक पुसलं.

"मी तरी वेगळं काय म्हणत होतो?" नीळकंठपंत म्हणाले.

ठराव एकमताने मंजूर झाला: शिळा आत्ताच्या आत्ता हलवावी. आणि नेमकं तेव्हाच शिंग घसरलं, धाडकन पडलं, आणि वारुळामागे दोन लांब कान दिसले.

मग काय विचारता! "फसवणूक!" "कांगावा!" "उगाच रडगाणं!" जे मघाशी मुद्देसूद होतं, ते एका क्षणात आरडाओरडा ठरलं. दंताजीराव म्हणाले, ठराव रद्द करा. पंत म्हणाले, पद्धत चुकलीच, वाईट वाटतं.

दौलतरावांनी हळूच स्वतःच्या डोक्यावर पाय फिरवला. डाव्या बाजूला काही नव्हतं. शिंगाची चौकशी सुरू झाली तर ती अध्यक्षपदापर्यंत येणार, हे त्यांच्या लक्षात आलं. ते घाईने उभे राहिले.

"शांत व्हा! सशाला शिंग नसतं, हे शास्त्र आहे. तेव्हा सशीण शिंग लावून बोलली, हे अशक्य आहे. पण शिंग बोललं, हे तर सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे बोललं ते शिंगच. शिंग थोर घराण्यातलं आहे, माझं आहे. ठराव कायम!"

सगळ्यांना हायसं वाटलं. आपण एका सशिणीचं ऐकलं, हा डाग पुसला गेला.

शिंगाला हार घालायची धांदल उडाली. भुरी तोवर निम्म्या वाटेवर पोहोचली होती. दोन रेड्यांनी शिळा बाजूला लोटली. मावशी आत जाऊन मुळी घेऊन आली.

"सावकाश चाव. कडू आहे."

भुरीने मुळी चावली, आणि तेव्हा कुठे ती रडली. मावशी काटे मिटून तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. ऊन उतरायच्या आत भुरी आपल्या जाळीत होती आणि चारही पिल्लं तिच्या पोटाशी होती.

शिंगाचं पुढे बरं झालं. दोन्ही पक्षांनी त्याला तिकीट देऊ केलं. ते दोन्हींकडून उभं राहिलं आणि दोन्हींकडून निवडून आलं. त्यानंतर सभेत ते एक अक्षर बोललेलं नाही. अभ्यासू म्हणून त्याचा फार लौकिक आहे.

तात्पर्य: बाळांनो, आपल्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा आपण स्वतः कधी बोलू नये, ते फार एकतर्फी वाटतं. आसपास एखादं गळून पडलेलं शिंग शोधावं. त्याच्याखाली डोकं आहे की नाही, हे सभेत कुणी विचारत नाही.