केसरबाईंच्या दारातला उणे पाच

पूर्णांकांच्या वजाबाकीला क्लास कशाला, मी आहे ना! हे मी तोऱ्यात म्हटलं तेव्हा तीन रात्री धड झोपले नव्हते.

मागच्या चाचणीत माझ्या लेकीला, सातवीतल्या श्रुतीला, दहापैकी दोन मिळाले. तेव्हापासून ती वर्गात हातच वर करेना. पुढची चाचणी उद्यावर आलेली.

दुपारी धाकटी, तान्ही गुड्डी एकदाची झोपली. नाइट ड्युटी करून आलेले श्रुतीचे पप्पा घोरत होते. म्हणून आम्ही मायलेकी खडू घेऊन गॅलरीत आलो. डोकमर्डीतली आमची चाळ म्हणजे आयती संख्यारेषा! मधलं आमचं दार शून्य. (माझ्यात जीवही तेवढाच उरला होता.) उजवीकडच्या उंबऱ्यांशी एक, दोन, तीन, डावीकडे उणे एक ते उणे पाच.

"तीन वजा उणे पाच?" श्रुतीने विचारलं.

"उणे दोन," मी जांभईआडून म्हटलं. उणे दोन वजा उणे पाच? उणे सात! पाठच करून घेतलं. बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईचा आत्मविश्वास.

तेवढ्यात उणे पाचवाल्या केसरबाई, मागे डावीकडच्या चार बाया घेऊन, दाराशी हजर. उजवीकडच्या टोकाला राहणाऱ्या लीलाच्या दारी नुसता तीन आणि आपल्या पाचाआधी आडवी काडी, हे त्या स्वतः बघून आल्या होत्या. खोल्या पाडायची खूण ती हीच, असं डावीकडे एकमताने ठरलं होतं. उणे म्हणजे फक्त दिशा, असं मी समजावलं, तर म्हणाल्या, मग तुझ्याच दारी काढ ती दिशा.

"माझ्या दारापासून लीलाचं आठवं दार, श्रुतीची आई. या गुडघ्यांनी चालत गेले. एका चाळीत असा फरक काबर?"

श्रुती उठली. उणे पाचपासून दारं मोजत तीनवर गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, उणे दोन नाही. आठ!"

गुड्डी उठली. पप्पा उठले. मी ओलं फडकं घेऊन पुसायला बसले, तर केसरबाईंनीच हात धरला. "राहू दे उद्यापर्यंत. पोरीला उमगतंय."

दहापैकी नऊ मिळाले. चुकलं ते उणे दोन वजा उणे पाच.

"केसरआजीच्या दारापासून मोजलं तर तीन येत होते," श्रुती माझ्या कुशीत शिरत म्हणाली. "पण तू उणे सात सांगितलं होतंस ना, म्हणून तेच लिहिलं."