अकरा माणसांचा बंब

निरवांगीच्या रानातल्या वस्तीवर ठमाबाई रोज पहाटे अकरा माणसांच्या अंघोळीचा बंब पेटवायची. घरात माणसं उरली होती दोन. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा नवरा तात्याबा, जो बंबासमोर शेकत बसून रोज तेच भांडण काढायचा.

"राम बारामतीला गेला, अविराज भवानीनगरला. बायकापोरं धरून नऊ माणसं कमी झाली. सरपान एका काटकीनं तरी कमी झालं का?"

"आन् आली एकदम तर? गार पान्यानं घालू नातवंडास्नी आंघूळ?"

पोरं एकदम कधीच येत नसत. सणाला यायची, तीही कळवून. पण बंब अर्धा भरायचा म्हणजे ती गेली हे कबूल करायचं, आणि ते ठमाबाईला सहा वर्षांत जमलं नव्हतं. तात्याबाला हे ठाऊक होतं. तरी तो भांडायचा, कारण लाकडं त्यालाच फोडावी लागत.

शहाण्णव सालच्या पौषात त्याने हट्टच धरला. रामने दिवाळीत आणून दिलेली गॅसची शेगडी फडक्याखालून काढली आणि तिच्यावर स्वतः पातेलं चढवलं. दिवस उगवायच्या आत दोघांच्या अंघोळी उरकल्या.

"बघ! ना धूर, ना राख."

वेळ हाताशी होता म्हणून दोघं कुलूप लावून खालच्या रानात वांगी तोडायला गेली.

फाट्यापलीकडे हिंदुराव राहायचा. मधली चार घरं पुण्याला गेल्यापासून तात्याबाला शेजारी म्हणून तोच काय तो उरला होता. दात घासता घासता समोरचा धूर पाहायची त्याची सवय. आज धूर नव्हता. तो हाका मारत आला, तर दाराला कुलूप. रात्रीतून कुणाला तरी दवाखान्यात नेलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि गावातला एसटीडी गाठला.

"राम, तुज्या घराला आज धूर न्हाय बाबा. कुलूप हाय."

रामने पुढचं ऐकलंच नाही. अविराजला फोन केला, बायकापोरांना भाड्याच्या जीपमध्ये कोंबलं आणि इंदापूरचे तीन दवाखाने पालथे घातले. अविराज घरची चौघं मित्राच्या टेम्पोत घालून थेट वस्तीवर आला. मागाहून जीपही आली.

अकराच्या सुमाराला ठमाबाईसोबत टोपली घेऊन तात्याबा परतला, तर अंगणात ही गर्दी. त्याच्या हातातली टोपलीच सुटली.

"कोण गेलं रं?"

"तुमीच की, तात्या!" हिंदुराव बोलून गेला.

तीन दवाखाने कोरड्या डोळ्यांनी फिरलेला राम आईच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. ते पाहून अविराज रडला, आणि मग हिंदुरावालाही राहवलं नाही.

ठमाबाईने डोळे पुसून मंडळींकडे नीट पाहिलं. नखशिखांत धुरळा.

"आदी आंघुळी करा समदी," म्हणत तिने तात्याबाकडे नजर टाकली. तात्याबाने लाकडं आणली आणि बंब काठोकाठ भरला. रानातून मळून आलेली ही दोघं धरून अकराच्या अकरा माणसांना पाणी पुरलं. वर एक बादली हिंदुरावालाही मिळाली.

संध्याकाळी गाड्या निघून गेल्यावर ती म्हणाली, "काटक्या वाचवल्या आन् डिझेल जाळलं. लई हुशार." तात्याबा हसला. मग दोघंही लवकरच आत गेली, कारण अंगण फार मोठं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठमाबाईने आपणहून गॅसवर पातेलं ठेवलं. फक्त दोघांपुरतं. ते उतरवून ती बाहेर आली, तर तात्याबा बंबासमोर उकिडवा बसून ओल्या काटक्यांवर फुंकर घालत होता.

"अवं, पानी तापलं की आत!"

"ऱ्हाऊ दे गं," डोळे चोळत तो म्हणाला. "तिकडं हिंदुराव दात घासत हुबा आसंल."

फाट्यापलीकडून कुणीतरी हात वर केला. ठमाबाईने आणखी दोन काटक्या आणून दिल्या.