कढईजवळून, खास प्रतिनिधी

बत्तीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांना अडवलं, बिल्डरांना घाम फोडला, एका महापौराला तर सभागृहाच्या मागच्या दारानं पळायला लावलं. तेव्हा अपमान झाला तर मी गप्प बसून गिळेन, असं कुणी समजू नये. (घरात गिळतो. ती गोष्ट वेगळी.)

निवृत्तीनंतर बायकोच्या नोकरीमागे या परक्या देशात आलो. ती दिवसभर ऑफिसात, मी दिवसभर खिडकीत. अशात अक्काचा फोन आला: अडीच महिन्यांनी महिनाभर राहायला येतेय. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून आम्हा सगळ्यांना तिनंच रांधून घातलं. स्वतः मात्र जेवायची सगळ्यांचं उरकल्यावर, ओट्याशी उभ्यानं, गार झालेलं. मी आवेशात बोलून गेलो, "अक्का, इथे तू नुसतं पानावर बसायचं. मी रांधणार, मी वाढणार, तू गरम गरम जेवणार."

पलीकडून अक्का काळजीनं, "तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

झालं! त्याच आठवड्यात मी स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग दर शनिवारी सकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. दोघांत एक शेगडी. माझा जोडीदार एक विधुर प्लंबर. पहिल्या दिवशी बाईंनी "कांदा चिरा" म्हणताच त्यानं सुरी उचलली आणि मी वही. पुढचे आठ शनिवार हाच क्रम. बातमीदारानं घटनेत स्वतः हात घालायचा नसतो, हे माझं तत्त्व आहे. मी प्रश्न विचारत होतो. "मध्यम आच म्हणजे नेमकी किती? हे ठरवतं कोण?" बाई चाचरत उत्तरं द्यायच्या. मी दिसलो की पुसलेली टेबलं पुन्हा पुसायच्या, न विचारता फ्रिज उघडून दाखवायच्या. बातमीदाराला असा मान आपल्याकडे आता उरलेला नाही, हे मी बायकोला तीनदा ऐकवलं.

अक्का आली. रविवारी दुपारचं जेवण माझ्याकडे. तिच्यावर पहारा ठेवायला बायकोला बसवून मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि वही उघडली.

'१०.०५. बाईंचं आगमन. १०.१२. डाळ धुतली (प्लंबर). १०.२०. डाळ शिजत असल्याचा बाईंचा दावा. त्याला स्वतंत्र दुजोरा मिळू शकला नाही. १०.३१. मिठाच्या प्रमाणाबाबत ठोस आकडा देण्याचं बाईंनी टाळलं.'

अशा चार वह्या होत्या. एक वाक्य चुकलेलं नव्हतं. पाणी किती घालायचं, हे मात्र कुठेच नव्हतं.

पाऊण तासात भात खाली काळा आणि वर कच्चा झाला. डाळ आणि पाणी एकमेकांची ओळख दाखवेनात.

"काही जळतंय का रे?" बाहेरून अक्का.

"नाही!"

"मग येऊ का बघायला?"

"अजिबात नाही! तू पानावर बस!"

"अरे, पण पान आहे कुठे?"

मी प्लंबरला फोन केला. (तो दोन गल्ल्या सोडून राहतो.) तो हत्यारांची पेटी घेऊनच आला, कारण मी फोनवर फक्त "स्वयंपाकघर, पाणी, ताबडतोब या" एवढंच ओरडलो होतो. ओट्यावर एक नजर टाकून त्यानं पेटी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. चाळीस मिनिटांत भात मोकळा, डाळ एकजीव, बटाटे खरपूस. तेवढ्या वेळात मी काय केलं? (नोंदी घेतल्या. सवय.)

सगळं टेबलावर आल्यावर हात पुसत त्यानं मला अदबीनं काहीतरी विचारलं. अक्काला त्याची भाषा कळत नाही.

"काय म्हणतोय रे तो?"

"म्हणतोय, वर्गात माझं फार लक्ष असायचं."

"अहो, खरं सांगा की!" बायको हसू दाबत म्हणाली. "अक्का, तो विचारतोय, तुमचा अहवाल कधी येणार? सगळ्या वर्गाला वाटतंय, हे सरकारी तपासनीस आहेत. बाईंची आठ आठवडे झोप उडालीय. म्हणून तर यांना कुणी कढईला हात लावायला सांगितलं नाही!"

अक्का टेबल धरून हसली. मग डोळे पुसत, सवयीनं, वाढायला उठली. मी तिला खांद्यांना धरून खाली बसवलं. वाढलं मीच. तेवढं मला येतं. (थोडा भात टेबलावर सांडला.) तिनं वाफाळता घास तोंडात घातला, मग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळानं ताट पुढे केलं, "अजून घाल रे." अक्कानं कधी काही मागून घेतल्याचं मला आठवत नाही.

प्लंबर गेल्यावर तिनं आमच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, आज भावाच्या हातचं जेवले! बसून, गरम गरम. भात तर इतका मोकळा..."

मी उसळलो. "अक्का, ही धडधडीत खोटी बातमी आहे! शिजवलं त्या प्लंबरनं. आत्ताच्या आत्ता खुलासा कर!"

अक्कानं फोनवर हात ठेवला. "बत्तीस वर्षं तुझ्या बातम्या वाचल्या मी. कधी खुलासा मागितला?"