भागीदारीत खांदा कुणाचा?

नवीन माणूस भेटला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात. आमच्या शेजारचे शामराव मास्तर त्याची उंची विचारतात. नुसतं विचारून थांबत नाहीत. दोन पावलं मागे सरकतात आणि एक डोळा बारीक करून त्याच्या खांद्याकडे बघतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मास्तर असेच आत डोकावले आणि मुलाला उभं करून म्हणाले, "पाच-सात. झकास. मागच्या जोडीत बसतंय." मुलाच्या वडिलांनी विचारलं, कसली जोडी? मी म्हणालो, लेझमीची. खरं सांगितलं असतं तर पाहुणे पोहे तसेच टाकून उठले असते.

जोडी होती खांदेकऱ्यांची. मास्तर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. आयुष्यभर पोरांना उंचीनं रांगेत उभं केलं आणि रिटायर झाल्यावर तेच काम स्मशानाच्या वाटेवर चालू ठेवलं. गावात कुणी गेलं की मास्तर सगळ्यांच्या आधी हजर. रडणाऱ्यांना रडू द्यायचं आणि उरलेल्यांतून चार जण निवडायचे. "चार लागत्यात, आन् सारखं लागत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उंची जुळली नाही तर मग तो जावई असो नाहीतर पुढारी, बाजूला व्हायचं. एका माजी नगराध्यक्षांना त्यांच्या सख्ख्या चुलत्याच्या तिरडीपासून "तुमी विसाव्याच्या म्होरं या" म्हणून त्यांनी मागं काढलं होतं.

गंमत अशी की मास्तर स्वतः सहा फुटांच्या वर. त्यांची जोडी गावात कुणाशीच जमत नाही. मग ते गुडघ्यात वाकून चालायचे, शेजारचा जेवढा तेवढं होऊन. गल्लीतली पोरं त्या चालीची नक्कल करायची. डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो दाखवून बजावलं होतं, की हे बंद करा, नाहीतर एक दिवस तुम्हालाच उचलून न्यावं लागेल. "न्या की," मास्तर म्हणाले, "पर उंच मानसं आत्तापास्नं बघून ठिवा."

घरात ते एकटेच. मुलगा संपत आमच्या भागातल्या निम्म्या पोरांसारखा गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात, परमुलखात गेला आणि आजारपणात तिकडंच वारला. उन्हाळ्याचे दिवस आणि रेल्वेचा लांबचा प्रवास. मास्तर पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत, आणि आम्हीही विषय काढत नसू.

अशात आमचं गाव स्मार्ट व्हायचं ठरलं. मी नगरपालिकेत कारकून, त्यामुळे हे ग्रहण मी वेध लागल्यापासून पाहिलं. सार्वजनिक-खाजगी भागीदारी असं त्याचं नाव. जागा पालिकेची, पैसा कंपनीचा, आणि पुढची कित्येक वर्षं वसुलीही कंपनीची. पार्किंगला कुणी कंपनी येईना, स्वच्छतागृहाला येईना, भाजी मंडईला येईना. आली ती स्मशानभूमीला. तिथलं गिऱ्हाईक कधी कमी होत नाही आणि तक्रारही करत नाही.

नागरिकांच्या सभेत पुण्याहून आलेल्या सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली. गॅसची भट्टी, बाग, कारंजं. "काही शंका?" असं त्यानं विचारल्यावर मास्तर सावधानमध्ये उभे राहिले.

"जागा पालिकेची, मशीन कंपनीचं. बरं. आन् भागीदारीत खांदा कुणाचा?"

"खांदा लागणारच नाही काका," सल्लागार म्हणाला. "गेटपासून ट्रॉली असेल. माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

टाळ्या पडल्या. मास्तर खाली बसले, आणि सभा संपली तरी बसूनच राहिले.

उद्घाटन थाटात झालं. पत्रिकेवर सवयीनं छापून गेलं होतं, की नागरिकांनी बहुसंख्येनं लाभ घ्यावा. गेटवर पाटी लागली: येथून पुढे खांदा देण्यास मनाई आहे. तिरडी पडली तर विमा कुणाचा, असा कंपनीचा सवाल होता. मास्तर गेटपर्यंत खांदा द्यायचे आणि बाहेरच्या दगडावर बसून राहायचे. पुढे कंपनीनं शववाहिका दिली, तेव्हा गेटपर्यंतचा खांदाही गेला. उरली दारापासून गाडीपर्यंतची चार पावलं. तेवढ्यासाठीही मास्तर उंची बघून माणसं निवडायचे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. खरं सांगतो, मला त्या हॉर्नचा फार राग यायचा.

तरी मास्तर रोज त्या दगडावर जाऊन बसत. चेहरा उतरला, जेवण तुटलं. रिटायर झाले तेव्हासुद्धा ते एवढे खचले नव्हते.

मग स्मार्ट रस्त्याच्या केबलसाठी खणलेला चर ढासळला आणि बिहारकडचा एक मजूर त्यात गेला. कंपनी म्हणाली माणूस ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणाला काम पालिकेचं, आमचे साहेब म्हणाले करार वाचा. एवढ्या मोठ्या भागीदारीत तो कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. त्याला गावी पोचवायला कुणी पुढं होईना. शेवटी घरच्यांनीच सांगितलं, तिथंच उरका. पोलिसांचे सोपस्कार झाल्यावर पालिकेतर्फे मला पाठवलं. शववाहिकेबरोबर मी आणि मजुरांचा मुकादम, एवढेच. बाकीच्यांना कामावरून सोडलं नव्हतं.

गेटवर गाडी थांबली तेव्हा मुकादमाच्या फोनवर त्या पोराचा बाप होता. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे दगडावर बसलेल्या मास्तरांनाही सगळं ऐकू आलं.

"साहब, कंधा कौन देगा?"

"मशीन है चाचा. सब मशीन करेगा."

मास्तर उठले आणि त्यांनी मुकादमाच्या हातातून फोन घेतला. त्यांची हिंदी कवायतीपुरतीच. "चार आदमी है. पूरा चार. तुम फिकर मत करो. फोन चालू रखो."

तोवर तिरडी खाली घेऊन ड्रायव्हर दुसऱ्या वर्दीवर गेला होता. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी, मुकादम, आणि ट्रॉली घेऊन उभा असलेला भट्टीवरचा दिलीप. दिलीप मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला.

"मास्तर, क्यामेरा हाय. नोकरी जाईल माजी."

"तुज्याबिगार तीनच हुत्यात, दिल्या. तिघांत कसं न्यायचं रं त्याला?"

दिलीपनं वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मग ट्रॉली भिंतीला लावून टाकली. "पर मास्तर, उंचीच्या रांगेत सगळ्यात बुटका म्हणून मी कायम पयला असायचो. माज्याबरूबर जोडीला कोण?"

"मी हाय की. मी वाकतो."

पुढं मास्तर आणि दिलीप, मागं मी आणि मुकादम, दोघंही दिलीपएवढेच. गेटपासून भट्टीपर्यंतची वाट काही लांब नाही, पण सहा फुटी म्हाताऱ्यानं जवळजवळ बसून चालायला ती फार लांब आहे. मागून मला त्यांच्या पोटऱ्या थरथरताना दिसत होत्या. तिरडी मात्र अशी सपाट, की वर भरला तांब्या ठेवला असता तरी सांडला नसता. भट्टीपाशी तिरडी टेकवली आणि मास्तरांनी खिशातला फोन कानाला लावला.

"कैसे गया, साहब?" पलीकडून बापानं विचारलं.

"सीधा गया, भैया. एकदम सीधा. जरा भी नही हिला."

तेव्हा कुठं पलीकडचा माणूस रडला. मास्तर फोन कानाला धरून उभे राहिले, त्याचं रडणं थांबेपर्यंत.

बाहेर आल्यावर ते दगडावर बसले. गुडघे सरळच होईनात. मी म्हणालो, मास्तर, आता तरी डॉक्टरांचं ऐका.

"संपत गेला तवा त्याच्या शेजारच्या दुकानदाराला मी फोनवर ह्येच इचारलं व्हतं," ते म्हणाले. "कसा गेला म्हणून. त्यो बिचारा खरं बोलला. म्हणाला, चौघातला एक लय उंच व्हता. तिरडी वाटभर कलत व्हती. दोनदा सावरली."

मास्तर गुडघे चोळत राहिले.

"भला मानूस असंल त्यो उंच. वळख न्हाई, पाळख न्हाई, परक्याच्या पोराला खांदा दिला त्यानं. त्याला फकस्त कुणीतरी सांगाय पायजे व्हतं, भाऊसाहेब. जरा वाकून चाल म्हणून."